जीपगाडीच्या पोटातील ठोका

जीपच्या जातीची गाडी जुनी होऊ लागली म्हणजे तिच्या मालकाची एक तक्रार ठरलेली असते. क्लच सोडला की गाडी हलण्यापूर्वी तिच्या पोटात कोठेतरी 'खट्ट' असा ठोका पडतो. प्रथम तो क्वचित ऐकू येतो, पुढे रोज, आणि मग प्रत्येक गिअर बदलताना. मालक गाडी दुरुस्तीस नेतो. तेथे एक मिस्त्री म्हणतो, क्रॉस गेला. दुसरा म्हणतो, क्राउन-पिनियन संपले. तिसऱ्यास गिअरबॉक्सचा संशय येतो. तिन्ही ठिकाणी नवे भाग बसतात, तिन्हींचे पैसे मोजले जातात, आणि गाडी आवारातून बाहेर पडताना पुन्हा तोच ठोका देते.

या प्रकारात लबाडी असतेच असे नाही. बहुधा घाई असते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, तर पोलादात पाच हजार मीटरहूनही अधिक. जीपचा सांगाडा हा डोक्यापासून शेपटीपर्यंत पोलादाचा. मागच्या आसात उठलेला ठोका त्या सांगाड्यातून क्षणार्धात पुढे येतो आणि चालकाला तो आपल्या आसनाखालीच झाला असे वाटते. सारांश, येथे कानावर एकदम विश्वास टाकता येत नाही. आवाज कोठे होतो हा प्रश्न शेवटी विचारावयाचा असतो. पहिला प्रश्न, तो केव्हा होतो, हा होय. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चालकाजवळच असते आणि त्याला हत्यारे लागत नाहीत.

हे निदान समजावयाचे तर इंजिनाची शक्ती चाकापर्यंत कोणत्या वाटेने जाते, ते प्रथम पाहिले पाहिजे. अमेरिकी सैन्यासाठी विलीज कंपनीने १९४१ साली जी जीप बांधावयास घेतली, ती या जातीच्या गाड्यांचा मूळ नमुना म्हणता येईल. त्याच दशकाच्या अखेरीस महिंद्रा कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे कित्येक दशके शेतकरी, सरकारी अधिकारी, खाणमालक व ठेकेदार यांनी ती वापरली. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली, २०१० साली थार आली, २०२३ साली जिम्नी भारतात विक्रीस आली. रूप, इंजिन, आसने सारे बदलले. परंतु मागची दोन चाके नेहमी चालवावयाची आणि पुढची दोन गरजेपुरती जोडावयाची, हे मूळ सूत्र कायम राहिले.

इंजिनाचा जोर क्लचमधून गिअरबॉक्समध्ये येतो. तेथून तो ट्रान्स्फर केसमध्ये जातो. येथे वाट दुभंगते. एक प्रोपेलर शाफ्ट मागील आसाकडे जातो, दुसरा पुढील आसाकडे. प्रत्येक शाफ्टच्या दोन्ही टोकांस युनिव्हर्सल जॉइंट असतो. त्यातील चार टोकांच्या तुकड्यास आपल्याकडील कारागीर 'क्रॉस' म्हणतात. पाटे वरखाली होताना आस व ट्रान्स्फर केस यांतील अंतर कमीजास्त होते, म्हणून शाफ्टला उभ्या खाचांचा एक सरकता जोडही दिलेला असतो. आसापाशी पिनियन हे लहान दातेरी चक्र क्राउन या मोठ्या चक्रास फिरविते. क्राउनच्या पोटातील डिफरन्शियल दोन्ही बाजूंच्या एक्सलना जोर वाटून देते आणि एक्सल चाकांना फिरवितात. पुढची चाके वळावयाची असल्याने त्यांच्या मुळाशी आणखी एकेक सांधा असतो.

या वाटेवर डझनावारी जोड आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांत थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते. ती नसेल तर तेलाला जागा राहणार नाही आणि लोखंड तापून फुगले की दाते अडकतील. क्राउन आणि पिनियन यांच्या दातांतील ही फट साधारणतः एक चतुर्थांश मिलिमीटरहून कमी असते. चालक ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा दाते एका अंगाने टेकतात. पाय उचलतो तेव्हा चाके इंजिनास ओढू लागतात आणि दाते दुसऱ्या अंगाने टेकतात. फट लहान असेपर्यंत ही अदलाबदल ऐकूही येत नाही. भाग झिजून फट वाढली म्हणजे फिरणारा भाग मोकळ्या जागेत वेग घेतो आणि समोरच्या भागावर जाऊन आदळतो. ठोका म्हणतात तो हाच. त्यात जोरही थोडाथोडका नसतो. महायुद्धकालीन जीपमध्ये पहिल्या गिअरला सुमारे २.६७ पट, ट्रान्स्फर केसच्या मंद गतीला १.९७ पट आणि आसापाशी ४.८८ पट अशी वाढ होत होत इंजिनाचा फिरविण्याचा जोर चाकापाशी पंचवीसपटीहून अधिक होतो. एवढ्या जोराने रोज शेकडो वेळा आदळणारी फट स्वतःच स्वतःला वाढवीत जाते. म्हणून 'आवाज आहे, पण गाडी चालते आहे ना' हे समाधान फार दिवस टिकत नाही.

आता प्रश्न 'केव्हा' हा. त्याची उत्तरे सामान्यतः चार प्रकारची येतात.

पहिला प्रकार असा की, जोराची दिशा बदलताना एकच ठोका पडतो: क्लच सोडताना, पाय दाबताना-उचलताना, किंवा पुढचा गिअर काढून मागचा टाकताना. हे ढिलाईचे लक्षण. ज्याला कारखान्यात 'प्ले' म्हणतात ती ही ढिलाई क्रॉसमध्ये, सरकत्या जोडात, क्राउन-पिनियनमध्ये, डिफरन्शियलच्या आतील झिजलेल्या वॉशरमध्ये, अथवा गिअरबॉक्सला धरून ठेवणाऱ्या रबरी आधारातही असू शकते. गाडी थांबता थांबता किंवा थांबून पुन्हा निघताना एकच जड ठोका येत असेल, तर सरकत्या जोडातील ग्रीस सुकले असावे, हा संशय आधी घ्यावा. कोरडा जोड सरकताना अडतो, ताण साठवितो आणि मग एकदम सुटतो. ग्रीसचे दोन-चार पंप देऊन पाहण्यास खर्च जवळजवळ नाही.

दुसरा प्रकार, वेगाबरोबर वाढणारा, तालात पडणारा ठोका. येथे मोजणीसारखा दुसरा उपाय नाही. सपाट मोकळ्या जागी गाडी माणसाच्या चालीने चालवावी, चाकावर खडूची खूण करावी आणि एका मदतनिसाने गाडीपासून अंतर राखून बाजूने चालत ठोके मोजावेत. चाकाच्या एका फेऱ्यास एकच ठोका पडत असेल, तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या भागात आहे: सैल झालेले चाकाचे नट, बेअरिंग, ब्रेकचा ड्रम, एक्सल, अथवा क्राउनचा तुटलेला दाता. एका फेऱ्यास चार-पाच ठोके पडत असतील, तर तो शाफ्टच्या गतीने फिरणाऱ्या भागाचा, म्हणजे क्रॉसचा किंवा पिनियनचा होय, कारण ४.८८ प्रमाणाच्या आसात चाक एकदा फिरेपर्यंत शाफ्ट जवळजवळ पाचदा फिरतो. गाडीचा वेग तोच ठेवून गिअर बदलल्यावर ठोक्याचा ताल बदलत असेल, तर मात्र गिअरबॉक्सकडे पाहिले पाहिजे. पाच मिनिटांच्या या मोजणीने संशयितांची यादी निम्म्याहून कमी होते.

तिसरा प्रकार केवळ वळणावर ऐकू येतो. पुढची चाके जोडलेली असताना, चाक पूर्ण वळवले की 'कट्-कट्' असा आवाज येत असेल, तर पुढील चाकांच्या मुळाशी असलेले सांधे झिजले आहेत. परंतु वळणावरचा दुसरा एक ठोका असा आहे, की त्यात कोणताही भाग बिघडलेला नसतो. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावर फिरतात, म्हणून त्यांना अधिक अंतर तोडावे लागते. जीपच्या ट्रान्स्फर केसमध्ये पुढील व मागील शाफ्ट एकदा जोडले, की ते एकाच गतीने फिरण्यास बांधले जातात. चिखलात किंवा वाळूत चाक थोडे घसरून हा फरक फेडून घेते. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही. मग तो फरक शाफ्ट, दाते व एक्सल यांत पिळाच्या रूपाने साठत जातो. स्टिअरिंग जड होते, ट्रान्स्फर केसचा दांडा निघता निघत नाही, आणि शेवटी एखादे चाक घसरून सारा पीळ मोठ्या धमाक्यासरशी सुटतो. अशा वेळी गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यावी किंवा चाके मऊ जमिनीवर न्यावीत. पीळ उतरतो आणि दांडा मोकळा होतो. पुढे निराळ्या मापाचे आणि मागे निराळ्या मापाचे टायर असले, तर हाच पीळ सरळ रस्त्यावरही साठतो. टायरच्या घेरात शंभरात एकाचा फरक असला, तर एका किलोमीटरमागे दहा मीटरची तफावत पडते आणि ती कोणत्या तरी मार्गाने भरून निघावीच लागते. ज्याने मागे नवे टायर घातले आणि पुढे झिजलेले ठेवले, त्याने नवा गिअरबॉक्स आणण्यापूर्वी टायरच्या घेराला फीत लावून पाहावी.

चौथा प्रकार खड्ड्यावर अथवा ब्रेक लावताना येतो आणि जोर बदलल्याने येत नाही. त्याचा शक्तीच्या वाटेशी बहुधा संबंध नसतो. पाट्यांच्या शॅकलमधील बुश, शॉक ॲब्सॉर्बरची टोके, सांगाड्याचे बोल्ट ही त्याची ठिकाणे. आस पाट्यांशी बांधणारे यू-बोल्ट मात्र दोन्ही पक्षांत मोडतात. ते सैल झाले, की जोर पडताच आस जागेवरच किंचित गिरकी घेतो आणि ठोका अगदी डिफरन्शियलचा वाटतो. यू-बोल्ट आणि चाकांचे नट यांच्यावर पाना फिरविल्यावाचून कोणत्याही खर्चाच्या दुरुस्तीस हात घालू नये.

एवढे झाल्यावर गाडीखाली जाण्याची वेळ येते, आणि येथे निदानापेक्षा जिवाचा विचार आधी करावा लागतो. जुन्या विलीज जीपमध्ये हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टच्या मुळाशी असतो. लँड रोव्हरच्या जुन्या गाड्यांतही अशीच योजना होती. याचा अर्थ असा की, मागचा शाफ्ट सोडला की हातब्रेक आणि मागची चाके यांचा संबंधच तुटतो. दांडा कितीही ओढलेला असो, गाडी उतरणीच्या दिशेने निघू शकते. मागचे एकच चाक जॅकवर उचलले तरी डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळे फिरते आणि हातब्रेक निरुपयोगी ठरतो. शिवाय शाफ्ट हाताने फिरवून ढिलाई पाहावयाची असेल, तर हातब्रेक सोडावाच लागतो. म्हणून जागा सपाट निवडावी, चाकांच्या पुढे व मागे मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे घट्ट लावावेत, उचललेली गाडी जॅकवर न ठेवता भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवावी आणि इंजिन बंद असल्याची खात्री करून किल्ली खिशात ठेवावी.

गाडीखाली पहिली तपासणी क्रॉसची. एका हाताने शाफ्ट व दुसऱ्या हाताने जॉइंटच्या पलीकडील भाग धरून दोन्ही उलट दिशांनी हलवावेत. चांगल्या क्रॉसमध्ये हाताला जाणवेल अशी ढिलाई मुळीच नसते. दोन्ही भाग एकत्र हलत असतील, तर ढिलाई त्या क्रॉसमध्ये नसून पुढे किंवा मागे आहे, एवढे निश्चित होते. क्रॉसच्या टोप्यांच्या तोंडाशी तांबूस गंजाची पूड दिसली, तर आतील सुयांचे बेअरिंग कोरडे पडून संपत आले आहे असे समजावे. क्रॉसच्या जोडाचे एक वैशिष्ट्यही ध्यानात ठेवावयास हवे. सतराव्या शतकात इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने ज्याचा अभ्यास केला, त्या या जोडातून गती वाकड्या कोनात नेली असता ती एकसारखी राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते व दोनदा घटते. शाफ्टच्या दोन टोकांचे जोड एकमेकांच्या रेषेत असले, तरच एकाची चूक दुसरा पुसून टाकतो. याकरिता विलीज जीपच्या शाफ्टवर बाणांच्या खुणा कोरलेल्या असत. सरकता जोड काढून पुन्हा बसविताना त्या खुणा जुळविल्या नाहीत, तर ठोका जातो आणि थरथर मागे राहते. मग मालकाला नवाच रोग जडल्यासारखे वाटते.

क्रॉस निर्दोष निघाले म्हणजे आसाची पाळी. चाके जमिनीवर स्थिर, गिअर न्यूट्रलमध्ये आणि हातब्रेक सुटलेला असताना मागचा शाफ्ट हाताने इकडून तिकडे फिरवावा आणि तो किती मोकळा फिरतो त्याची खडूने खूण करावी. ही ढिलाई मोठी दिसली, की क्राउन-पिनियनला दोष देण्याचा मोह होतो. तो मोह आवरण्यासाठी साधा हिशेब पुरेसा आहे. क्राउननंतरच्या भागांत, म्हणजे एक्सलच्या खाचांत किंवा चाकाच्या हबमध्ये, एका अंशाची ढिलाई असली, तर ती शाफ्टपाशी ४.८८ पट होऊन जवळजवळ पाच अंशांची दिसते. म्हणून शेवटच्या टोकाकडून तपासत यावे. काही जुन्या जीपगाड्यांच्या मागील आसात हब हा निमुळत्या एक्सलवर चावीने बसविलेला असतो आणि टोकाला नट असतो. तो नट सैल झाला की चावी झिजते, हब एक्सलवर हलतो आणि प्रत्येक वेळी जोर पडताच ठोका देतो. एका नटाच्या आणि एका चावीच्या दोषापायी पुष्कळ ठिकाणी सबंध डिफरन्शियल उघडले जाते. ते उघडावयाचेच असेल, तर आधी तळाचे तेल भांड्यात काढून त्यात पोलादाचे कण किंवा दात्याचा तुकडा आहे काय, ते पाहावे.

पुढची बाजू व मागची बाजू यांची फारकत करण्याचा मार्गही अवघड नाही. पुढचा शाफ्ट दोन्ही टोकांस सोडून काढून ठेवावा आणि गाडी मागच्या दोन चाकांवर सावकाश चालवून पाहावी. ठोका नाहीसा झाला तर दोष पुढे. तसाच राहिला तर पुढच्या आसावर एक पैसाही खर्च करण्याचे कारण उरत नाही. ज्या नव्या गाड्यांच्या ट्रान्स्फर केसमध्ये साखळी असते, तेथे चार चाके जोडून चढावर जोर दिला असताना एकामागून एक धक्के बसू लागले, तर साखळी लांबून दात्यांवरून उडते आहे काय, हे पाहावे लागते.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. पैशाची बचत हे एक उत्तर झाले. अधिक महत्त्वाचे उत्तर घाटात मिळते. बेळगावहून गोव्याकडे चोर्ला घाटाने भरल्या जीपने उतरणारा चालक खालचा गिअर टाकून इंजिनाच्या ओढीवर गाडी आवरीत असतो. ही ओढ मागच्या शाफ्टमधून जाते. दुर्लक्षित क्रॉस त्या क्षणी तुटला, तर दोन चाकांवर चाललेल्या जुन्या जीपमध्ये इंजिनाची ओढ आणि हातब्रेक ही दोन्ही एकदम जातात. उरतो तो फक्त पायाचा ब्रेक. त्यातही मागच्या शाफ्टचे पुढचे टोक तुटून खाली आले, तर ते रस्त्यात रुतून गाडीला मागून उचलू शकते. असा क्रॉस आधी कित्येक दिवस 'खट्ट' म्हणून सांगत असतो. क्रॉस हलतो आहे असे एकदा हातास जाणवले, की तो बदलेपर्यंत ती गाडी घाटात नेऊ नये.

मालकाने स्वतः पाना हाती घ्यावाच असे नाही. परंतु मिस्त्रीकडे जाताना त्याच्याजवळ एक कागद असावा: ठोका कोणत्या गिअरला पडतो, पाय दाबताना की उचलताना, एकच की तालात, सरळ रस्त्यावर की वळणावर, दोन चाकांवर की चार. असा कागद पाहिल्यावर जाणता मिस्त्री एका वेळी एकच भाग बदलतो आणि त्यानंतर त्याच चढावर, त्याच गिअरला, तितक्याच वेगाने गाडी पुन्हा चालवून पाहतो. बदललेला जुना भाग मालकाने मागून घ्यावा. खरोखर झिजलेल्या क्रॉसच्या टोकांवर सुयांनी पाडलेल्या बारीक खाचा असतात आणि त्यांवरून फिरविलेले नख अडकते. नख अडकले नाही आणि क्रॉसही त्याच्या टोप्यांत सैल नसला, तर ठोका अजून गाडीतच आहे असे समजून पुढची तपासणी त्याच दिवशी सुरू करावी.